एकाच भागाला ‘भिकार’ आणि ‘भन्नाट’: ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे चाहते नेमके कशावर भांडतात?

न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असतो. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर आपले नऊ, हिवाळी असेल तर दहा. आपल्याकडे पोहे होऊन दुसरा चहा उकळत असतो त्या सुमारास तिकडे एनबीसी वाहिनीवर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा प्रहसनांचा थेट कार्यक्रम सुरू होतो आणि पहिले स्किट संपायच्या आत चाहत्यांचे निकाल लागू लागतात. एक जण म्हणतो, इतका रटाळ भाग दहा वर्षांत झाला नाही. दुसरा त्याच मिनिटाला म्हणतो, या मोसमातला हाच सर्वांत चांगला. तिसऱ्याला विनोदाशी जणू कर्तव्यच नसते. अमुक अभिनेत्रीला अख्ख्या भागात दोनच वाक्ये का दिली, एवढाच त्याचा सवाल असतो.

फोनवर फिरणाऱ्या चार मिनिटांच्या तुकड्यांतून हा कार्यक्रम ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हा गोंधळ उमगत नाही. विनोद आवडला किंवा नाही आवडला, यात एवढे खल करण्यासारखे काय आहे? त्याचे उत्तर चाहत्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कार्यक्रम ज्या रीतीने तयार होतो त्या रीतीत शोधावे, कारण हे लोक केवळ विनोदाला गुण देत नसतात, त्या आठवड्यात घेतलेल्या निर्णयांना गुण देत असतात.

आधी कार्यक्रमाची ओळख

‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा पहिला भाग 11 ऑक्टोबर 1975 रोजी प्रसारित झाला. लॉर्न मायकल्स या कॅनडातून आलेल्या तरुण निर्मात्याने तो उभा केला आणि 1980 ते 1985 ही पाच वर्षे वगळली तर सूत्रे आजतागायत त्यांच्याकडेच आहेत. 2024-25 हा पन्नासावा मोसम होता. जागाही तीच आहे: रॉकफेलर सेंटरमधला ‘स्टुडिओ 8एच’. रेडिओच्या काळात आर्तुरो टोस्कानिनी याच स्टुडिओत एनबीसीचा वाद्यवृंद चालवत असत.

दर भाग दीड तासाचा असतो. सुरुवातीला नाव न दाखवता थेट एक स्किट होते, बहुधा त्या आठवड्याच्या राजकारणावर. त्याला ‘कोल्ड ओपन’ म्हणतात आणि ते ‘लाइव्ह फ्रॉम न्यूयॉर्क, इट्स सॅटर्डे नाइट!’ या आरोळीने संपते. मग त्या आठवड्याचा पाहुणा सूत्रधार मंचावर येऊन चार विनोद करतो. हा पाहुणा दर वेळी नवा. कधी सिनेनट, कधी खेळाडू, कधी गायक. त्यानंतर स्किटे, मध्यावर ‘वीकेंड अपडेट’ हे खोटे बातमीपत्र, पाहुण्या गायकाची दोन गाणी, पुन्हा स्किटे आणि शेवटी सगळ्यांचा निरोप. बातमीपत्र आणि गाणी सोडली तर प्रत्येक भागात सहा-आठ स्वतंत्र प्रहसने उरतात. भांडणाचा मुख्य ऐवज तो.

सोमवारी कोरी पाटी, शनिवारी रंगीत तालीम

आठवडा कसा जातो ते नीट पाहिले तर अर्धे कोडे सुटते. सोमवारी संध्याकाळी लेखक आणि नट मायकल्स यांच्या दालनात दाटीवाटीने बसतात आणि पाहुण्याला एकेक कल्पना ऐकवतात. मंगळवारी रात्रभर लिखाण चालते. बुधवारी लांबलचक टेबलाभोवती सर्वांसमोर सगळ्या संहितांचे वाचन होते आणि तेव्हा साधारण चाळीसेक संहिता वाचल्या जातात. त्यातून दहा-बारा निवडतात. गुरुवारी पुनर्लेखन, नेपथ्याची ठोकाठोक, कपडे. शुक्रवारी मंचावर जागा आणि हालचाली पक्क्या करणे, तसेच काही स्किटे बाहेर चित्रित करणे. म्हणजे बुधवारी रात्री कागदावर असलेले हॉटेल, विमान किंवा न्यायालय शनिवारी संध्याकाळी स्टुडिओत उभे असते.

शनिवारी रात्री आठ वाजता रंगीत तालीम होते आणि तिलाही प्रेक्षक असतात. आपल्याकडे रंगीत तालमीला घरचे लोक, स्नेही, एखादा जुना जाणकार बसतो आणि लेखक-दिग्दर्शक मागच्या रांगेतून अंधारात त्यांचे हसणे मोजत राहतात. इथेही तेच, फरक एवढाच की प्रेक्षक अनोळखी असतात आणि मोजलेल्या हसण्यावर लगेच, त्याच रात्री, निकाल लागायचा असतो. तालीम दोन तासांची, प्रसारण दीड तासाचे, त्यातही जाहिराती. तेव्हा तालीम संपल्यावर वरच्या मजल्यावर मायकल्स यांच्या दालनात फळ्यावर लावलेल्या कार्डांकडे पाहत काय ठेवायचे, काय काढायचे, कोणते आधी, कोणते नंतर हे ठरते. हाती तास-दीड तास असतो. तीन-चार स्किटे गळतात. उरलेल्यांतली वाक्ये बदलतात, शेवट छाटले जातात. पंधरा मिनिटांपूर्वी पाठ केलेले वाक्य आता नाही, हे नटाला कधी कधी मंचाकडे धावताना कळते.

कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो, अशा आशयाचे मायकल्स यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. पडद्यावर जे दिसते ते पाच दिवसांत लिहिलेले, एकदाच प्रेक्षकांपुढे करून पाहिलेले आणि त्यानंतर घाईघाईने कापलेले काम असते. एखादी एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत पाहावी आणि तिचे अंतिम फेरीतले रूप कधीच दिसू नये, तसे काहीसे.

निवड समिती आणि अंतिम अकरा

आता चाहत्यांकडे वळू. क्रिकेटचा सामना हरल्यावर आपण फक्त ‘वाईट खेळले’ म्हणून थांबत नाही. डावखुऱ्या फिरकीपटूला बाहेर का बसवले, अमक्याला पाचव्या क्रमांकावर का पाठवले, नाणेफेक जिंकून गोलंदाजी का घेतली, हे सगळे आपण स्वतः निवड समितीवर असल्याच्या थाटात बोलतो. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा मुरलेला चाहता अगदी असाच बोलतो.

त्याच्याकडे त्यासाठी सामग्रीही भरपूर असते. कलाकारांच्या दोन पायऱ्या आहेत: नव्यांची आणि स्थिरावलेल्यांची. सुरुवातीच्या नामावलीत त्या वेगळ्या दिसतात आणि नव्या कलाकारांपैकी काहींना एक-दोन मोसमांत निरोप मिळतो. त्यामुळे कोण किती स्किटांत दिसला याचा हिशेब चाहते वहीवाल्या दुकानदारासारखा ठेवतात. एखादा नवा कलाकार सलग तीन आठवडे फक्त वेटर किंवा गर्दीतला माणूस झाला, की त्यांच्या दृष्टीने तो धोक्यात असतो. दुसऱ्या टोकाला केनन थॉम्पसन, जे 2003 पासून आहेत आणि इतका काळ या संचात दुसरे कोणी टिकलेले नाही. त्यांनी नुसते डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे पाहिले तरी मरगळलेले स्किट सावरते, याबद्दल एरवी न पटणारे दोन चाहतेही सहमत होतात.

क्रमालाही अर्थ असतो. पाहुण्याच्या प्रास्ताविकानंतरची जागा सर्वांना रुचेल अशा खात्रीच्या स्किटाची. रात्री एकला दहा कमी असताना येणारी शेवटची जागा मात्र सर्वांत विचित्र कल्पनेची. तोवर सामान्य प्रेक्षक झोपलेला असतो, म्हणून लेखक तिथे मनाला येईल ते करून पाहतात. मला विचाराल तर या कार्यक्रमाची खरी चव तिथेच लागते. आणि नेमके तेच स्किट पाहून पहिल्यांदा बसलेला माणूस म्हणतो, ‘हे काय होते?’

गळालेल्या स्किटांचे काय होते? त्यांतली काही ‘कट फॉर टाइम’, म्हणजे वेळेअभावी वगळलेली, या शिक्क्यासह नंतर यूट्यूबवर टाकली जातात. ती तालमीच्या वेळी चित्रित झालेली असतात. यामुळे चाहत्याला बाराव्या खेळाडूची फलंदाजीसुद्धा पाहायला मिळते आणि ‘हे काढून ते ठेवले?’ हा वाद पुराव्यानिशी घालता येतो. तालमीला बसलेले प्रेक्षकही बाहेर येऊन काय गळाले ते सांगतात. ही चैन आपल्या नाटकाच्या प्रेक्षकाला कधीच मिळाली नाही.

नट वाचून बोलतात, हे काय?

नवख्या प्रेक्षकाचा पहिला आक्षेप हमखास हा असतो की पात्रे एकमेकांकडे न पाहता कुठेतरी बाजूला पाहतात. पाहतात, कारण तिथे कॅमेऱ्याशेजारी माणसे मोठे पांढरे पुठ्ठे धरून उभी असतात. त्यांवर संवाद मार्करने, हाताने, पात्रागणिक वेगवेगळ्या रंगांत लिहिलेले असतात. आपल्या रंगभूमीवर विंगेत प्रॉम्प्टर असे, तसाच हा प्रॉम्प्टर. फक्त कुजबुजण्याऐवजी लिहून दाखवणारा.

यंत्रावर सरकणारी अक्षरे का वापरत नाहीत, असाही प्रश्न येतो. यंत्र ऐन वेळी बंद पडू शकते, पुठ्ठा बंद पडत नाही, आणि नट मंचभर फिरला तर पुठ्ठा धरणारा त्याच्याबरोबर फिरतो. तालीम आणि प्रसारण यांच्या मधल्या वेळेत बदललेली ओळ झाकून त्यावर नवी लिहिता येते. पाठांतराचा आग्रह इथे उलट घातक ठरेल, कारण पाठ केलेलेच नेमके कापले गेलेले असते. तरीही अनुभवी कलाकार पुठ्ठ्यावर ओझरती नजर टाकतो आणि घाबरलेला पाहुणा त्यावर डोळे खिळवून ठेवतो. हा फरक पाहणाऱ्याला लगेच कळतो आणि पाहुण्याबद्दलचे चाहत्यांचे मत बरेचदा एवढ्यावरच ठरते.

मंचावर हसू फुटले, तर गुण की दोष?

भूमिकेत असताना नटाला स्वतःलाच हसू आवरेनासे होते, त्याला तिकडे ‘ब्रेक’ होणे म्हणतात. चाहत्यांत सर्वांत कडवी फूट याच मुद्द्यावर आहे.

1 मे 2004 च्या भागातले ‘डेबी डाउनर’ हे स्किट यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. एक कुटुंब डिस्ने वर्ल्डमधल्या उपाहारगृहात आनंदाने बसलेले आहे आणि रेचल ड्रॅचने रंगवलेली डेबी दर वाक्याला रोगराई, अपघात, मरण असले काही तरी काढून विरजण घालते. प्रत्येक वेळी ट्रॉम्बोनचा रडका सूर वाजतो आणि कॅमेरा तिच्या पडलेल्या चेहऱ्यावर झेप घेतो. सुरुवातीलाच ड्रॅच एका वाक्यावर अडखळली आणि तिच्या ओठांच्या कडा हलल्या. पुढच्या ट्रॉम्बोनला कॅमेरा जवळ गेला तेव्हा पडलेल्या चेहऱ्याऐवजी हसू दाबणारा चेहरा दिसला. मग टेबलावरचे एकेक जण कोसळत गेले. होरेशियो सान्झने तर डोळ्यांतले पाणी समोरच्या वॉफलने टिपले. संहितेतला विनोद तेवढा राहिला नाही, पण त्याच्या जागी दुसराच एक जन्मला.

दुसरे उदाहरण 13 एप्रिल 2024 चे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर गंभीर चर्चा चालू आहे आणि मागे प्रेक्षकांत रायन गॉसलिंग आणि मायकी डे हे ‘बीव्हिस आणि बटहेड’ या व्यंगचित्रमालिकेतल्या पोरांसारखे हुबेहूब रंगभूषा करून बसले आहेत. निवेदिका झालेल्या हायडी गार्डनरने वळून पाहिले आणि तिला बोलता येईना. हे रूप तिने तालमीत पाहिलेले होते, तरीही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की हसणे ही शिस्तीची उणीव आहे आणि काही जण टाळ्या मिळवण्यासाठी मुद्दाम हसतात. मायकल्स यांनाही हे हसणे फारसे रुचत नाही असे सांगतात. माझ्या मते फरक ओळखता येतो: हसू लपवण्याची धडपड दिसते तोवर प्रेक्षक नटाच्या बाजूने असतो, आणि नट हसू दाखवू लागला की मजा उतरते. ड्रॅच शेवटपर्यंत धडपडत होती.

‘पूर्वीची मजा राहिली नाही’

हा आक्षेप कार्यक्रमाइतकाच जुना आहे. ‘सॅटर्डे नाइट डेड’ ही कोटी इतक्यांदा झाली आहे की ती करणाऱ्याला आता कोणी हसत नाही.

1980 मध्ये मायकल्स आणि मूळ संच गेला. नव्या निर्मातीचा मोसम इतका पडला की तिला मध्येच काढण्यात आले. पण त्याच पडेल मोसमात एडी मर्फी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता आणि पुढची काही वर्षे कार्यक्रम त्याने तगवला. 1985-86 चा संच वर्षभरात जवळजवळ सगळा मोडीत निघाला आणि लगेच पुढच्या वर्षी डेना कार्व्ही, फिल हार्टमन, जॅन हुक्स यांचा संच आला, ज्याची आठवण आज सुवर्णकाळ म्हणून काढतात. मार्च 1995 मध्ये ‘न्यूयॉर्क मॅगझिन’ने मुखपृष्ठावर कार्यक्रमाच्या अधोगतीची कथा छापली. तेव्हाच्या त्या ‘अधोगत’ संचात ॲडम सँडलर आणि ख्रिस फार्ली होते, ज्यांची नावे घेऊन आजचे चाळिशीतले चाहते हल्लीच्या पोरांना नावे ठेवतात. ते गेले आणि त्याच शरद ऋतूत विल फेरेल आला.

यामागे दोन साध्या गोष्टी आहेत. आपण ‘पूर्वीची नाटके’ म्हणतो तेव्हा पंचवीस प्रयोगांत बंद पडलेली शेकडो नाटके आपल्या डोळ्यांपुढे नसतात, उरलेली दहा-बारा असतात. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे जुने भागही लोकांनी निवडक तुकड्यांच्या संकलनांत आणि छाटलेल्या पुनःप्रसारणांत पाहिलेले असतात. जुन्या काळातला एखादा भाग सलग नव्वद मिनिटे पाहायला बसावे, म्हणजे तेव्हाही कंटाळवाणी स्किटे किती होती याचा अंदाज येतो. तुलना गेल्या शनिवारच्या संपूर्ण भागाची आणि वीस वर्षांच्या गाळलेल्या साराची होते. तीत शनिवार हरणारच.

दुसरी गोष्ट वयाची. प्रत्येकाला आपण शाळा-कॉलेजात असतानाचा संच सर्वोत्तम वाटतो, असे मायकल्स स्वतः अनेकदा सांगत आले आहेत. अर्थात, हे उत्तर जरा सोयीचेही आहे. काही मोसम खरोखरच वाईट होते आणि 1980-81 चा मोसम कोणाच्याही तारुण्याने गोड झालेला नाही.

मग आधी चित्रित करून, नीट कापून का दाखवत नाहीत?

आपल्याकडे ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांतली स्किटेही प्रेक्षकांसमोर होतात, पण ती आधी चित्रित होतात. चुकले तर पुन्हा घेता येते, लांबले तर कापता येते. आपल्या प्रेक्षकाला ती पद्धत ओळखीची असल्यामुळे त्याला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधले फसलेले स्किट निव्वळ निष्काळजीपणा वाटते. परंतु तो संपादनाचा नव्हे, प्रयोगाचा कार्यक्रम आहे. शनिवारी दुपारी घडलेली घटना रात्री विनोदात येते, ती प्रसारण थेट असल्यामुळेच. काही स्किटे आधी चित्रित केलेली असतात हे खरे. डिसेंबर 2005 मधला ‘लेझी संडे’ हा रॅपचा तुकडा तसाच होता आणि नव्या यूट्यूबवर तो वणव्यासारखा पसरला. पण अशा सफाईदार तुकड्यांचे प्रमाण वाढले की जुने चाहते कुरकुरतात. त्यांना धोका हवा असतो.

धोका म्हणजे काय ते 3 ऑक्टोबर 1992 ला दिसले. आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिने तालमीत गाण्याच्या शेवटी एका मुलाचे छायाचित्र कॅमेऱ्यासमोर धरले होते. प्रत्यक्ष प्रसारणात तिने पोपचे छायाचित्र काढले आणि फाडले. स्टुडिओत टाळी वाजली नाही. ते थांबवणे कोणाच्या हातात नव्हते.

तुकडे पाहणारे आणि सलग पाहणारे

पूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा कार्यक्रम तीन तास उशिरा दिसे. 2017 पासून तो देशभर एकाच क्षणी दाखवतात, तिकडे रात्री साडेआठला. त्यामुळे सगळे चाहते आता एकत्र बसतात आणि एकत्रच बोलतात.

आपण मात्र सोमवारी, लोकलमध्ये, वर आलेला एकच तुकडा पाहतो. तो आलेला असतो कारण तो आवडला गेला; म्हणून आपल्याला हा कार्यक्रम सदैव उत्तम वाटतो आणि चाहत्यांची किरकिर अनाकलनीय. न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस तीच रात्र सोफ्यावर, जाहिरातींसकट, एक वाजेपर्यंत काढतो. एका मोठ्या हशासाठी त्याने तीन फुसके बार सोसलेले असतात. त्याच्या ‘भिकार’मध्ये ते तीन बार असतात आणि दुसऱ्याच्या ‘भन्नाट’मध्ये तो एक हशा. दोघांनीही भाग तोच पाहिलेला असतो.

शेवटचे मिनिट

कार्यक्रम संपताना सगळे कलाकार पाहुण्याभोवती मंचावर जमतात, वाद्यवृंद वाजू लागतो आणि नावे वर सरकतात. नवख्याच्या दृष्टीने इथे पाहण्यासारखे काही नसते. चाहता मात्र पडद्याजवळ सरकतो: कोणी कोणाला मिठी मारली, कोण कडेला उभे राहिले, कोण आलेच नाही. मे महिन्यात मोसमाच्या अखेरच्या भागात तर हे वाचन फारच गंभीरपणे चालते, कारण कोण जाणार याची घोषणा पुष्कळदा उन्हाळ्यात, कार्यक्रम बंद असताना होते. मे 2012 मध्ये रॉक गायक मिक जॅगर सूत्रधार होता. त्या रात्री संचातल्या क्रिस्टन विग या अभिनेत्रीला असा आडून निरोप मिळाला नाही. सहकारी एकेक करून तिच्याबरोबर मंचावर नाचले आणि सगळ्यांना काय ते कळले. एरवी चाहत्यांना एखाद्याच्या पुसलेल्या डोळ्यांवरून किंवा लांबलेल्या मिठीवरून तर्क करावा लागतो आणि तो खरा होता की खोटा, हे समजायला सप्टेंबर उजाडावा लागतो.